मेहंदी रंगाचा कोपरा

राग आला की तनयाचं मराठी शुद्ध होत जायचं. त्या संध्याकाळी ती सोसायटीचे सेक्रेटरी खंडेरावकाका यांना म्हणाली, "आपण सार्वजनिक वाटेवर अतिक्रमण केलेले आहे."

भांडण नकाशावरून होतं. दिल्लीत मयूर विहारातल्या त्या सोसायटीतली मुलं मोबाईलशिवाय कोपऱ्यावरच्या छोलेवाल्यापर्यंत पोचत नसत, म्हणून तनयाने त्यांना ओरिएंटियरिंग शिकवायला घेतलं होतं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेल्या खुणा शोधत पळायचं. आवाराचा नकाशा तिनेच काढला. त्यात बी ब्लॉकमागची वाट होती आणि ती अडवणारी काकांची जाळीही होती.

"वाट पुस. तिथे माझी बाग आहे, कुंड्या आहेत, झोपाळा आहे."

"काका, म्हणूनच तर!"

"मग रविवारच्या शर्यतीला परमिशन नाही."

मुलं शर्यतीसाठी महिनाभर पळत होती. तनयाने दातओठ खात वाट पुसली आणि तो कोपरा मेहंदी रंगाने भरला. या नकाशांत तो रंग म्हणजे खाजगी जागा, पाय ठेवला की बाद. जाळीवर जाड काळी रेघ मारली, म्हणजे ओलांडायची नाही.

"आता कसं!" काका खूष झाले. "पदकं मीच देणार."

रविवारी मुलं अख्ख्या ब्लॉकला वळसा घालून, जनरेटर आणि कचराकुंड्यांमागून, घामाघूम होऊन शेवटच्या खुणेशी, जाळीपाशी आली. काका पलीकडे, पदकं घेऊन झोपाळ्याच्या सावलीत.

"या, आत या!"

कोणी हललं नाही.

"अंकल, अंदर आए तो आउट," अंशुमन म्हणाला.

"अरे, मी सांगतोय ना! बरं, हात तरी पुढे कर."

"काली लाइन है, अंकल."

"मग मी काय करू?"

"घूमके आ जाओ. हम भी घूमके ही आए."

काकांनी तनयाकडे पाहिलं. तनया नकाशा बघत होती. नकाशा बिल्कुल बरोबर होता, काकांनीच पास केलेला.

काका घराच्या पुढच्या दाराने निघाले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा चेहरा लालबुंद आणि एका चपलेला केळ्याची साल.

"मूर्खपणा आहे हा!" ते कडाडले. "इथून सरळ वाट ठेवायला काय झालं होतं?"

मुलं त्यांच्याकडे बघत राहिली. काकाही, जरा उशिराने, स्वतःच्या जाळीकडे बघू लागले.

"जमिनीवर दिसली की नकाशात काढते," तनया म्हणाली.

काकांनी पदकं अंशुमनच्या हातात कोंबली आणि जाळीचा पहिला खुंट उपटला.

"शेवंती सांभाळा!" खिडकीतून काकांच्या पत्नी कुसुमावतीकाकू ओरडल्या. "आणि झोपाळा राहू दे हो!"

"झोपाळ्याचे स्थलांतर अपरिहार्य आहे," तनया म्हणाली.