टेलरबाईंचं मृत्युपत्र

म्हातारं माणूस हसलं की त्याचं डोकं फिरलं, हे ठरवणारे तुम्ही कोण, नोंदणी कचेरीतले साहेब?

टेलरबाईंनी मृत्युपत्रात शिलाई मशीन सुनेच्या नावे केलं होतं, कारण मुलाने ते दुसऱ्याच दिवशी भंगारात घातलं असतं. माझ्या अंत्ययात्रेत रडकं तोंड करणाऱ्याला घरी पिटाळा, असंही लिहिलं होतं. ते वाचताना सासू-सून खो खो हसल्या आणि साहेबांनी कागद परत सरकवला.

“आजी, आधी डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आणा.”

टेलरबाईंनी साहेबांना नुसतं न्याहाळलं. “गळा पंधरा, छाती चाळीस, डावी बाही अर्धा इंच आखूड. सूनबाई, काढ गं टेप!”

सुनेने तिथेच मापं घेतली. तंतोतंत! अख्खी कचेरी हसायला लागली.

“बोला साहेब, शिक्का मारताय की नाही?”