डब्यावरचं अस्वल

घास तोंडाशी नेण्याआधी तो कशाचा आहे, हे देवाला खरंखरं सांगायचं, असा माझा रोजचा नेम. लेकीच्या स्टुडिओत तो मोडायची वेळ आली.

लेक जाहिराती लिहिते. या खेपेला लहान मुलांच्या कॉर्नफ्लेक्सची होती. ठरलेली आजी ऐनवेळी आजारी पडली, म्हणून लेकीनं मला टेबलाशी बसवलं. शेजारी माझी नात, टिकली.

"आई, ही जाहिरात फसली तर माझी नोकरी गेली समज. एक चमचा तोंडाला लाव आणि हस, बास."

"हसते गं. पण डब्यावरचं अस्वल खाली मान घालून का बसलंय? लाजलंय का?"

"लाजतंय कसलं! ते दुकानातल्या फळीवरून खाली पोरांच्या डोळ्यांत बघतंय. आईकडे बघितलं तर ती डबा उलटा करून साखर किती ते वाचेल ना!"

"आणि जाहिरातीतली आई सदा रडवेली का?"

"बघणारीला वाटावं, आपण पोरांना उपाशी मारतोय."

"बाबा कुठंयत?"

"बजेटमध्ये बसले नाहीत."

"मग मी कशाला?"

"माल गेल्या महिन्यात बाजारात आलाय. तुझे पांढरे केस दिसले की पिढ्यान्‌पिढ्यांचा वाटतो."

तेवढ्यात वाडगे मांडणाऱ्या बाई आल्या. "आजी, हे दूध नाही, गोंद आहे. दुधात फ्लेक्स बुडतात. गिळू नका हं, नंतर बादलीत थुंका."

कॅमेरा सुरू झाला. मी चमचा उचलला, डोळे मिटले आणि देवाशी बोलू लागले.

"कट! आजी, झोपलात का?" दिग्दर्शक ओरडला.

पुन्हा चमचा, पुन्हा डोळे बंद. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा लेकीचा चेहरा उतरला. कंपनीचे साहेब खुर्चीतून उठले.

"या काय पुटपुटतायत?"

आवाज टिपणाऱ्यानं कानावरचं यंत्र दाबून धरलं. माझा आवाज मुळातच बारीक. "काही ऐकू येत नाही, साहेब."

साहेबांचे डोळे पाणावले. "अहो, नातीच्या घासाला आशीर्वाद देतायत! हेच ठेवा!"

लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती छताकडे बघत होती.

जाहिरात लागली, नोकरी राहिली. शेजारीण मात्र म्हणाली, "तुम्ही डोळे मिटून देवाचा धावा करताना बघितलं आणि आमच्या पोराला तो डबा द्यायचं धाडसच होईना बाई."

स्टुडिओत टिकली माझ्या अगदी शेजारी बसलेली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. घरी तिनं आईला जसंच्या तसं म्हणून दाखवलं, "देवा, हा गोंद आहे. गोंदावर काय आहे ते कंपनीलाच ठाऊक. तू मनावर घेऊ नकोस, आणि लेकीची नोकरी तेवढी सांभाळ."

लेक आधी हसली, मग माझ्या मांडीवर डोकं टेकून पडून राहिली.

आता साहेबांनी मला फळांच्या रसासाठी मागितलंय. लेक म्हणते, त्यात फळ नाही. देवाच्या कानावर आधीच घालून ठेवलंय.