बुंध्यातली काजळी

झाड पाडायचं ठरवून झालं की लोकांना माझी आठवण येते. आधी नाही. आधी खिळे ठोकतात, मुळांवरून नाली काढतात, बुंध्याला चिकटवून सिमेंट ओततात आणि झाड वाळायला लागलं की फोन करून विचारतात, मॅडम, हे पडेल का हो? पडणार नाही तर काय करणार?

नंदलालजींचा फोन आला तेव्हा फेब्रुवारी अर्धा सरला होता. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातल्या एका लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीच्या, कमिटीचे ते अध्यक्ष. राइस मिलमध्ये मॅनेजर होते, आता रिटायर झालेत आणि सगळा वेळ लेआउटला देतात.

"मॅडम, कोपऱ्यावरचा मोह खतरनाक झाला आहे. आप बस एक कागद बनवून देऊन द्या, कटाईची परमिशन आम्ही आणतो."

झाड न बघता कागद! पेशंटचा हात हातात न घेता मेल्याचा दाखला द्यायचा. माझं डोकंच फिरलं. त्यातून तो मोह कोणता, हे त्यांना माहीत नसलं तरी मला चांगलं माहीत होतं. लेआउट पडायच्या आधी तिथे धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर होतं, बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर, हा मोह, आणि त्याची फुलं माझी माय वेचायची. अजून वेचते. मार्च-एप्रिलमध्ये फटफटायच्या आत जुन्या वस्तीतून टोपली घेऊन निघते. वर्षभर ती त्या दिवसांची वाट पाहते. लेआउटवाल्यांना मात्र ते खपत नाही. फुलं गाड्यांवर पडतात, वास येतो, बाहेरच्या बाया येऊन बसतात म्हणे. बाहेरच्या! आम्ही!

मी झाडांवर उपचार करते. रोगट फांद्या काढते, जड झालेला घेर हलका करते, जखमा साफ करते. बारा वर्षांपूर्वी पुण्याला जाऊन शिकून आले. नाव दुर्गेश्वरी, पण गोंदियात सगळे झाडवाली मॅडम म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही माझ्या कानावर येतं. माझा कामातला जोडीदार कैलाश पन्नाशीचा आहे, आधी विजेच्या खांबांवर काम करायचा. मी वर असते तेव्हा खालचा दोर त्याच्या हातात असतो. तो बोलतो कमी, म्हणून आमचं जमतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. अर्धा लेआउट बाल्कन्यांमध्ये उभा होता.

"अरे, बाई चढेगी क्या झाडपे?" वरून कोणीतरी विचारलं.

"झाडाला विचारलं आहे, त्याची हरकत नाही," मी म्हणाले आणि हार्नेसचे पट्टे कमरेला आणि मांड्यांना आवळले.

चढायच्या आधी रस्त्याकडच्या बाजूने बुंधा पाहिला. शिकवणी वर्गाचा बोर्ड, नऊ खिळे. कमिटीने काढलेली नाली, आणि त्या नालीत मांडीएवढं जाड मूळ सरळ कापलेलं. दुसऱ्या अंगाला फरशी बुंध्याला भिडलेली, पाण्याला आत शिरायला बोटभर जागा नाही. मी नंदलालजींना तिथेच उभं करून ऐकवलं. तुमच्या पायाचा अंगठा कापला आणि नाकात सिमेंट भरलं तर तुम्ही किती दिवस उभे राहाल, असं विचारलं. ते नुसते हसत राहिले. त्यांच्या हसण्याने माझा पारा आणखी चढला.

वाळूची लहान थैली बारीक दोरीला बांधून मी वरच्या बेचक्यातून फेकली, तिच्यामागे मोठा दोर ओढून घेतला, दोन वेळा लोंबकळून पाहिला आणि चढले. चाळीस फुटांवर कडी अडकवली. लाकडी हातोड्याने एकेक फांदी ठोकत गेले. आवाज भरीव येत होता. पानं पिवळी पडून गळत होती, ती त्या दिवसांत गळतातच. आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला तपकिरी कळ्यांचे घोस आले होते, मूठभर मूठभर. मला इतका आनंद झाला की मी वरूनच ओरडले, "खतरनाक म्हणे! तुमच्या आमच्यापेक्षा धडधाकट आहे हे!"

खाली उतरले तर नंदलालजी अजून हसतच होते.

"उपर का ठीक है मॅडम. मागून पाहिलं का तुम्ही?"

मागच्या बाजूला एका प्लॉटची भिंत आहे आणि मध्ये पावसाळ्यापासून घाणेरीचं झुडूप माजलेलं. कैलाशने कोयत्याने ते तोडलं. मी वाकून पाहिलं. जमिनीपासून कमरेपर्यंत बुंधा उघडा पडला होता. साल नव्हतीच. आत काळी पोकळी. सळई घातली तर हातभर आत गेली. बाहेर काढली तर तिला काजळी लागली होती. बोटांवर घेऊन चोळली. कोळसा.

मग मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. झाड पाडायची परवानगी मिळत नाही म्हणून बुंध्यात आग घालायची, हे मी या जिल्ह्यात तीनदा पाहिलं आहे. मला वाटलं हे चौथं. मी अख्ख्या लेआउटसमोर नंदलालजींकडे बोट दाखवलं. तुम्हीच आग लावली, म्हणाले. झाड जाळून वर त्याचाच दाखला मागताय, लाज कशी वाटत नाही, म्हणाले. आजच तक्रार करते, फोटो काढून ठेव कैलाश, म्हणाले.

नंदलालजींचं हसू गेलं. म्हाताऱ्याने गळ्याला चिमूट लावली. "मॅडम, नातीची कसम. हमने नहीं लगाई."

"मग कोणी लावली? झाडाने स्वतः?"

"या भाऊनं नाई लावली," मागून आवाज आला. "आपनच लावतो."

माय होती. कोणीतरी तिला जाऊन सांगितलं होतं की मोह कापून राहिले, म्हणून हातातलं काम टाकून आली होती. पदर खोचलेला, धाप लागलेली.

"काय बोलतेस माय?"

"खरं तेच बोलून राहिली. पाला नाई जारत का आपन? फूल पडाच्या आधी जाराच लागते. नाईतं पाल्यात फूल दिसन कसं? वारा इकडून येते, म्हनून आग त्या अंगाले जाते. लहानपनी तूच लावत होती. माचिसची काडी पेटवाले तुले लय आवडे."

बाल्कनीतून कोणीतरी हसलं. मी मान वर केली नाही.

खरं होतं. सात वर्षांची असल्यापासून मी मोहाखालचा पाला पेटवत होते. रात्रीच्या दवाने ओला पाला नीट पेटत नसे, म्हणून बुंध्याशी ढीग करायचा आणि तिथे काडी लावायची, हे मीच शोधून काढलं होतं आणि मायने मला हुशार म्हटलं होतं. आमच्या या पूर्वेकडच्या झाडीपट्टीत सगळेच पाला जाळतात, मोह वेचणारं कोणतंही घर घ्या. दर वर्षी आच त्याच जागी लागते, साल सुटते, आत कीड जाते, पुढच्या वर्षीची आग आणखी खोल जाते. हे मला कोणी सांगायला नको. मीच सांगते. वनखात्याच्या कार्यक्रमांत आतापर्यंत कितीतरी गावांत बायांना समोर बसवून सांगितलं आहे की आग लावू नका, पाला झाडून घ्या, जाळी अंथरा. कुठे कोणी ऐकलं नाही की चिडले आहे, अडाणी म्हटलं आहे. आणि माझ्या घरची आग दर मार्चला लागत होती.

मला नंदलालजींची माफी मागावी लागली. सगळ्यांसमोर बोट दाखवलं होतं, तेव्हा सगळ्यांसमोरच मागितली. आयुष्यात इतकं कडू काही मी गिळलं नाही.

"कोई बात नहीं," ते म्हणाले, आणि लगेच, "तो अब तो कागद बनेगा ना? आप ही के घरवालों ने जलाया है."

"बनेल," मी म्हणाले. "झाड तपासल्यावर."

पुढचा तासभर तपासणीत गेला. बुंध्याला चारी बाजूंनी सळई घालून पाहिली, कुठे किती भरीव लाकूड उरलं ते खडूने मांडलं. मागची बाजू गेली होती, पण बाकी तिन्ही बाजूंना वीतभराहून जाड धड लाकूड होतं. झाड उभं राहू शकत होतं. फक्त वरचं ओझं उतरवायला हवं होतं, रस्त्याकडच्या सगळ्या फांद्यांची टोकं पाच-सहा फूट मागे घ्यायला हवी होती. पावसाळ्यापूर्वीच, आणि खरं तर आजच.

मायला ते सांगणं सगळ्यात अवघड होतं.

"फूल तं टोकालेच येते," ती म्हणाली.

"हो."

"मंग यंदा?"

"यंदा त्या बाजूला नाही. पुढच्या वर्षीही बहुतेक नाही. आणि आग कधीच नाही, माय. हाताने पाला झाडायचा."

"आगीले घडीभर लागते. झाडू माराले दोन दिस. या कमरेनं?"

"मी येईन."

दर मार्चला कुठे असतेस, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी कागद काढून लिहायला बसले. नंदलालजी खांद्यावरून वाचत होते. झाड धोकादायक नाही, तोडू नये, असं लिहिलं तेव्हा त्यांनी घसा खाकरला. नाली वळवावी, फरशी चार फूट मागे काढावी, खिळे उपटावे, असं लिहिलं तेव्हा पुन्हा खाकरला. पोकळीचं कारण, आग, असं लिहून मी थांबले.

"माह्यं नाव लिही," माय म्हणाली. "तुह्यं नोको लिहू. झाड जारनाऱ्या बाईले झाडाच्या कामाले कोन बलावन? तू तं लेकरू होती."

"लेकरू होते तेव्हाचं सोड. बारा वर्षं तर मला कळत होतं ना."

कारणापुढे मी माझं नाव लिहिलं, तिचं नाही. सही केली आणि कागद नंदलालजींच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

मग हातकरवत कमरेला अडकवून मी पुन्हा वर गेले. कैलाशने खालचा दोर ताणून धरला. माय त्याच्या शेजारी उभी राहून वर बघत होती.

"गावोगावी सांगत फिरली," ती खालून ओरडली. "मले काऊन नाई सांगतलं?"

मी कडी अडकवण्यात गुंतल्याचं दाखवलं.

"आईकून राहिली ना? काऊन नाई सांगतलं?"

खरं उत्तर साधं होतं आणि मला त्याची लाज वाटत होती. मी ठेकेदारांवर ओरडते, कमिट्यांवर ओरडते, पण मोहाच्या दिवसांत टोपली घेऊन निघालेल्या मायला हे करू नको म्हणायची माझी छाती झाली नाही. दर वर्षी मार्चमध्ये मी दूरचं काम घ्यायचे. मागची बाजू बारा वर्षांत पाहिली नव्हती, ती झुडपामुळे नव्हे.

"भेत होते तुला!" मी वरून ओरडले. अख्ख्या लेआउटने ऐकलं.

 माय पुन्हा ओरडली तेव्हा तिचा आवाज फाटला होता.

"साऱ्या दुनियेले भेली नाई अन् मले भेली. म्हनूनच जरलं हे झाड."

मी फांदीकडे सरकले. कळ्यांनी भरलेल्या पहिल्या फांदीखाली करवत लावली. साल फाटू नये म्हणून पहिला काप खालूनच घ्यायचा असतो.