फाटकापलीकडच्या चपला

"ही नको, हिची टाच वाजते," हालिमा म्हणाली. "गावातल्या बायका घालतात तसली दे, निबारणकाका. साधी. कुणाच्या डोळ्यांत भरू नये अशी."

निबारण मोची वस्तीच्या तोंडाशी, रेल्वे फाटकाच्या अलीकडे बसायचा. चपला शिवणं हे त्याचं निम्मंच काम. उरलेलं निम्मं, चपला सांभाळणं. घाटावरच्या वस्तीत धंद्याला बसलेल्या बाईनं गावात जायचं तर अनवाणी जायचं, हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोडला तर काय होतं ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून बायका फाटकाशी यायच्या, चपला निबारणच्या फळीवर ठेवायच्या, आणि तेल-तांदूळ-औषध घेऊन भाजल्या पायांनी परतायच्या. तोवर चपला आपापल्या खणात बसून मालकिणींची वाट बघायच्या. हालिमाचा खण डावीकडून तिसरा. अठरा वर्षं तोच.

"पारुलच्या गळ्यात तिच्याच चपलांची माळ घातली होती गेल्या वर्षी. विसरलीस?" निबारणनं विचारलं.

"नाही."

"आणि घालायला पुढं कोण होतं?"

"कापडवाले मोतालेबसाहेब. तेही विसरले नाही."

विसरणार कशी? मोतालेबसाहेब दर गुरुवारी दिवेलागणीला तिच्याच दारात बूट काढायचे.

पण आज इलाज नव्हता. हालिमाची दहा वर्षांची मुलगी, झर्ना, गावात सालेहा सुईणीकडे वाढत होती, तिची नात म्हणून. पोरगी अशी तल्लख निघाली, की मुख्याध्यापिकांनी तिला जिल्ह्याच्या शिष्यवृत्तीला बसवायचं ठरवलं. अर्जावर आईनं समोर येऊन सही करायची होती, आणि आजचा शेवटचा दिवस. अनवाणी गेली तर आई कुठली ते सगळ्या शाळेला कळणार. चपला घालून गेली आणि कुणी ओळखलं तर गळ्यात माळ, तीही लेकीच्या देखत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे पोरीचा अर्ज.

निबारणनं डोकं खाजवलं. मग पेटीच्या तळातून कागदात गुंडाळलेला तपकिरी जोड काढला. "आमच्या हिच्या. ती गेली, ह्या राहिल्या. बघ होतात का."

झाल्या की. जरा सैल, पण झाल्या.

फाटक ओलांडलं आणि हालिमाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. गावचा रस्ता तिला तळपायांनी पाठ होता. डांबर कुठं वितळतं, चिंचेची सावली कुठं सुरू होते, सगळं पायच सांगायचे. आज पाय बहिरे झाले होते. तरी सवयीनं ती कडेच्या गवतातूनच चालत राहिली.

"ओ भाभी," पेरूवाल्यानं हाक मारली, "चिखलातून कशाला चालताय? रस्ता काय एकट्या रिक्षावाल्यांचा आहे होय?"

तो कुठल्या भाभीला बोलतोय म्हणून हालिमानं मागं वळून बघितलं. मागं एक बकरी होती.

मागच्या आठवड्यात याच पेरूवाल्यानं हात लागू नये म्हणून तिच्या पदरात लांबून पेरू टाकले होते. बाई तीच, तोंड तेच, पदरसुद्धा तोच. कातड्याच्या दोन पट्ट्या पायात आल्या आणि ती भाभी झाली. एवढंच होतं तर मग! तोंडावरून काही कळत नव्हतं, म्हणून तर गावाला पायांची खूण लागत होती.

हालिमा रस्त्याच्या मधून चालायला लागली.

मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर इतर आयांच्या चपला ओळीनं होत्या. हालिमानं आपल्या त्यांच्याशेजारी ठेवल्या. आत सगळ्याच अनवाणी. तिला ते फार आवडलं. आणि तेवढ्यात तिला टेबलाच्या बाजूच्या खुर्चीत शाळा समितीचे अध्यक्ष दिसले. मोतालेबसाहेब. चहात बिस्किट बुडवत होते. त्यांनी वर बघितलं, आणि बिस्किट मोडून कपात पडलं.

"ह्या बाई..." ते म्हणाले.

"ओळखता तुम्ही यांना?" फिरोजा आपांनी विचारलं. त्या मुख्याध्यापिका; विचारल्याचं उत्तर मिळेपर्यंत बघत राहायची त्यांना सवय.

चार आया बघत होत्या. शिपाई बघत होता. हालिमानं पदर पुढं ओढला. पण साहेबांचा घोळ तिच्याहून मोठा होता. ओळखतो म्हणावं, तर कुठून ते सांगावं लागणार. ते बराच वेळ चमच्यानं बिस्किट शोधत राहिले.

"नाही," शेवटी म्हणाले. "पहिल्यांदाच बघतोय."

आपांनी पेन पुढं केलं. वस्तीत तिला बिजली म्हणायचे. आल्या दिवशीच ते नाव गळ्यात पडलं होतं. बिजलीला सही नव्हती. हालिमा खातूनला होती. तिनं एकेक अक्षर गिरवून सही केली, सलाम केला आणि बाहेर पडली.

झालं! सही झाली होती. पोरगी परीक्षेला बसणार होती. ती असल्या आनंदात निम्मं पटांगण ओलांडून गेली, आणि मग मागून कुजबुज आली. तिनं खाली बघितलं.

पाय उघडे होते.

अठरा वर्षं गावात अनवाणी चाललेले पाय, मालकिणीला न विचारता तसेच चालू पडले होते. चपला तिकडं दाराशी. मागोमाग बाहेर आलेल्या आयांची नजर तिच्या टाचांच्या भेगांवर खिळली होती. मोतालेबसाहेबही व्हरांड्यात येऊन उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला. आता त्यांना काहीच सांगायला नको होतं. पायच सांगत होते.

हालिमाला ना पुढं जाता येईना, ना मागं.

तेवढ्यात पाचवीच्या वर्गातून एक वेणी उडत आली. फळा पुसता पुसता तशीच धावत सुटलेली झर्ना. चारचौघांत कधी भेट झालीच तर मला खाला म्हणायचं, मावशी, असं हालिमानं तिला लहानपणीच बजावून ठेवलेलं होतं. झर्नानं दाराशी उरलेल्या चपला वाकून उचलल्या, छातीशी धरून पळत आणल्या आणि आईच्या पायांपुढं नीट मांडून ठेवल्या.

"आम्मा, चपला विसरलीस," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. आणि कमरेवर हात ठेवून, "घरीपण तू अश्शीच करतेस."

त्या दोघींचं असं घर कुठं नव्हतंच.

एक बाई हसली. आमच्या सासूबाई तर परवा माझ्याच चपला घालून गेल्या, म्हणाली. मग बाकीच्याही हसल्या. मोतालेबसाहेब आत गेले. हालिमानं पाय चपलांत सरकवले आणि लेकीकडे बघितलं. झर्नानं डोळे वळवले नाहीत. तिला सगळं ठाऊक होतं. कधीपासून, कुणी सांगितलं, विचारायची हिंमत हालिमाला झाली नाही.

गुरुवारी दिवेलागणीला मोतालेबसाहेब आले. बूट काढता काढताच सुरुवात केली, की फार शेफारलीस, पुन्हा फाटकापलीकडे चपला दिसल्या तर बघ.

हालिमा उंबऱ्यात उभी होती. बाजूला झाली नाही.

"शाळेत आपांना काय म्हणालात, साहेब?"

त्यांचा हात बुटावरच थांबला.

"पहिल्यांदाच बघतोय म्हणालात. मग अनोळखी बाईच्या दारात बूट काढू नयेत."

तिनं दार लावलं. घरमालकीण उद्या शिव्या घालणार होती, आणि साहेबही गप्प बसणाऱ्यातले नव्हते. बाहेर बराच वेळ बुटाच्या नाड्या बांधल्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

तपकिरी चपला ट्रंकेवर ठेवल्या होत्या. निबारणनं परत मागितल्या नव्हत्या. पट्ट्यांवर खडूची पांढरी, लहान बोटं उमटली होती. आल्यापासून तिनं ती पुसली नव्हती.