रोकची कबर

"पहार ठेव खाली," कोन्सू म्हणाली. ती नवऱ्याच्या वाटेत, दारातच आडवी उभी होती. "दुसऱ्या कुणाची पण कबर उघड. माझ्या रोकला हात लावायचा नाही."

"आता त्याचाच नंबर आहे गो."

"रेशनच्या रांगेत उभाय होय तो? काळीज आहे का तुला?"

पोर त्याचेही होते, पण इनासने पहार खाली ठेवली नाही. सकाळी एर्मेलिन म्हातारी गेली होती आणि संध्याकाळी तिला पुरायचे होते. क्रुसाच्या देवळामागची दफनभूमी एवढीशी. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला जांभ्याचा कातळ. म्हणून गावाची रीत होती: तीन वर्षे झाली की सगळ्यांत जुनी कबर उघडायची, हाडे धुऊन पांढऱ्या फडक्यात बांधायची आणि घरच्यांच्या हाती द्यायची. ती त्यांनी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. मोकळ्या झालेल्या जागेत नवा माणूस. इनासच्या बापाने जन्मभर हे केले होते, आणि मेलेल्याला माती देणे हे देवाने आपल्याला नेमून दिलेले काम आहे, असे मानून इनासही ते करत आला होता. "बाये, तुमचा नंबर आला," हे ऐकून त्याच्यासमोर कितीतरी आया मटकन खाली बसल्या होत्या.

"आजवर एकाही आईला मी सोडलं नाही, कोन्सू. तुला सोडलं तर उद्या कुणाच्या दारात उभा राहू?"

ती बाजूला झाली. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जा. पुर सगळ्यांना."

दफनभूमीत फादर वालेरियान आधीच येऊन थांबले होते. "इनास, आजच्या दिवस दुसरं कुणी खणेल."

"कोण खणेल, फादर? आणि खणलं तरी त्याला हलक्या हातानं काढायला नको?"

अर्ध्यापर्यंत त्याने पहार चालवली, मग हातांनी माती उकरू लागला. माती चिकट लागली. या मुदतीनंतर ती भुसभुशीत व्हायला हवी. पेटीची फळी बोटांखाली चुरली आणि निळी बाही दिसली. बटण जागच्या जागी होते. बाही रिकामी नव्हती.

नायलॉनच्या कपड्यात वारा खेळत नाही, ओल अडकून राहते, माती माणसाला आपलेसे करत नाही. म्हणून तो घरोघर बजावायचा, मेलेल्याला सुतीच घाला, मोजेसुद्धा सुती. पण होडी उलटून रोक गेला त्या दिवशी कोन्सू तो चमकदार निळा सूट घेऊन उभी राहिली होती. चुलतभावाच्या लग्नासाठी शिवलेला, अंगाला न लागलेला. "एकदा तरी घालू दे रे त्याला," एवढेच म्हणाली, आणि कुणापुढे न वाकणारा इनास वाकला. पुढे काही महिन्यांनी गावातल्या मातिल्डची पोर तापाने गेली, तेव्हा मात्र त्याने तिच्या अंगातला झुळझुळीत फ्रॉक काढायला लावला. आईच्या जुन्या सुती झग्यात गुंडाळून पोर गेली.

त्याने बाहीवर तळवा ठेवला. मग ओंजळीओंजळीने माती परत लोटली.

"आता?" फादरनी हळूच विचारले.

"आता पुढची. मातिल्डच्या पोरीची."

"मी सांगतो मातिल्डला, काय झालं ते."

"नको, फादर. तिला कळलं की गावाला कळणार, गावाला कळलं की कोन्सूला. आपण घातलेल्या सुटानं पोर अजून तसंच पडलंय, हे घेऊन ती कशी जगेल?"

"आणि तुला लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

फादरनी रोकच्या मातीवर क्रुसाची खूण केली.

मातिल्ड अंगणात जाळे सांधत होती. त्याला पाहून तिचा हात थांबला.

"तीन वर्षं भरली नाहीत अजून."

"माहीत आहे."

"तुझ्या पोराची भरली की! त्याला सोडलंस?"

इनास डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बोल ना रे! आमच्या घरी येऊन कायदा शिकवायचा, आणि स्वतःचं पोर तेवढं गोड? माझ्या लेकीच्या अंगावरचा फ्रॉक काढवलास तू. मोठा आलाय देवाचा माणूस!"

"चल, मातिल्ड. तू असावंस तिथं. मी अलगद काढतो तिला."

पोरीला मातीने पुरते आपलेसे केले होते. इनासने एकेक हाड नदीच्या पाण्याने धुतले, फडक्यात बांधले आणि मातिल्डच्या हातात दिले. ती बराच वेळ गाठोडे तोलत राहिली.

"एवढीशीच?" ती म्हणाली. त्याला नव्हे, कुणालाच नाही.

संध्याकाळी एर्मेलिन म्हातारीवर सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. इनास फावडे घेऊन पुढे झाला तेव्हा बायका पदराआड कुजबुजल्या. कुणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "नंबर काय, दुसऱ्यांनाच असतो." तो कबर बुजवत राहिला.

घरी पोचला तर कोन्सू पायरीवर वाट बघत होती. डोळे सुजलेले, पण चेहरा आज उजळला होता.

"मला कळलं," ती म्हणाली. "दुसरी उघडलीस. देवानं सुबुद्धी दिली तुला."

तो विहिरीवर गेला. नखांत अडकलेली चिकट माती निघेपर्यंत हात घासत राहिला. आत आला तेव्हा घरात बांगड्याचा वास भरला होता. रोक गेल्यापासून तिने बांगडा तळला नव्हता. भातावर आमटी ओतून तिने ताट त्याच्यापुढे ठेवले आणि तो खातो आहे का, हे बघत समोर बसली. तो खाऊ लागला.

"आणखी घे," ती म्हणाली.

इनासने ताट पुढे केले.