उलट्या सीटची सायकल

आमच्या छंग्दू शहरात भाड्याची सायकल बिघडली, की शेवटचा माणूस तिची सीट मागे फिरवून ठेवतो. असा नियम कुणी छापलेला नाही. पुढच्याचा कपाळमोक्ष होऊ नये, एवढी अक्कल लोकांना होती. होती म्हणतो, कारण ती शियोंग मास्तरांनी खाल्ली.

मास्तर निवृत्त. वसाहतीच्या फाटकावर त्यांच्याच अक्षरातला बोर्ड आहे: 'सार्वजनिक वस्तू आपलीच समजा.' त्यांनी ती इतकी आपली समजली, की रोज संध्याकाळी चांगलीतली चांगली सायकल हेरून तिची सीट उलटी करायचे. सकाळी आम्ही तिला बिघडलेली समजून सोडायचो आणि म्हातारा सीट सरळ करून, घंटी वाजवत बागेत व्यायामाला!

मी एकदा हे बघितलं आणि शहाणा झालो. म्हणजे मीही तेच करू लागलो. माझं बघून दुसऱ्याने केलं. पंधरा दिवसांत फाटकावरच्या एकूणएक सायकली सीट उलटी करून उभ्या. सगळी वसाहत लबाड, आणि प्रत्येकाला वाटतं आपणच हुशार.

मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात रुग्णांची पेज शिजवतो. त्या महिन्यात दोनदा उशीर झाला होता. मुकादम बाईने बजावलं होतं, "पांग, तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊच नकोस." सहा चाळीसची मेट्रो चुकली की नोकरी गेली.

त्या सकाळी मी राखलेली सायकल कुणीतरी लांबवली होती. चोरावर मोर! एकच उरली होती, सीट उलटी. असेल कुणा शहाण्याची, म्हटलं. सीट सरळ केली, कोड स्कॅन केला, निघालो. फाटकाबाहेरच्या उतारावर ब्रेक दाबले तर नुसत्या मुठी मिटल्या. कठड्यावर आदळलो.

या सायकलींचं कुलूप फाटकावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या आतच लागतं, नाहीतर भाडं चढत राहतं, म्हणून लंगडत सायकल परत आणली. सीट उलटी केली. या वेळी खरोखरची. अजून पळालो असतो तर गाडी मिळाली असती.

एवढ्यात पाचव्या मजल्यावरची थाओ आली. पाठीला पोर बांधलेलं. तिने सीट सरळ केली.

"अगं, ब्रेक नाहीत तिला!"

"हो का? आणि काल तुम्ही दडवलीत ती, तिला चाकं नव्हती ना, पांगदादा?"

"गुडघा बघ माझा!"

"टोमॅटो चोळलाय का?"

तिने कोड स्कॅन करायला मोबाइल काढला. पाठीवरचं पोर माझ्याकडे बघून हसत होतं. मी जाऊन सायकलीवर बसलोच.

"ऊठ, मेल्या! तुझ्या बापाची आहे?"

"नाही उठत."

"लाज नाही वाटत? पोर घेऊन उभी आहे मी!"

ती हटेना, मी उठेना. बसल्या बसल्या कंपनीला तक्रार पाठवली. लगेच उत्तर आलं: 'आपल्या जागरूकतेबद्दल आभार.' लोक जमले. त्यातल्या निम्म्यांनी आदल्या संध्याकाळी सीटा फिरवल्या होत्या आणि तेच मला 'छी छी' करत होते.

मग घंटी वाजली. शियोंग मास्तर व्यायाम आटोपून परतले होते. घाम पुसत ते उतरले, सवयीने आपल्या सायकलीची सीट मागे फिरवली आणि माझ्याकडे वळले.

"काय रे पांग, अडवून काय बसलास? सार्वजनिक आहे ती. बोर्ड वाचता येत नाही?"

सहा एकेचाळीस झाले होते. मी बसूनच राहिलो.