निळ्या शर्टाची इस्त्री

टिक्.

सगळं घर गाढ झोपेत असताना हा आवाज झाला, की आई कूस बदलून पुटपुटायची, "झाली यांची परेड सुरू." मित्रांनो, तो आवाज माझा. मी एक जुनी इस्त्री आहे. पोट पुरेसं तापलं की मी टिक् करते आणि माझा लाल दिवा विझतो.

माझा जन्म कारखान्यातला, पण वाढ छावणीतली. आमच्या घरचे बाबा तेव्हा मिसरूड फुटलेले शिपाई होते. त्यांनी मला पहिल्या पगारातून घेतलं. छावणीतले सगळे कपडे जाड सुती, कांजी करून पुठ्ठ्यासारखे ताठ केलेले. उष्णता कमी-जास्त करायची माझी चकती एकदा सुती कापडाच्या खुणेवर गेली ती तिथेच राहिली. दुसरीकडे फिरवायची कधी वेळच आली नाही. बाबांच्या बाहीची घडी पाहून त्यांचे साहेब म्हणायचे, "या घडीनं दाढी होईल रे!" खोटं कशाला सांगू, त्या कौतुकातला अर्धा वाटा मी माझा समजत असे.

मग बाबांची नोकरी संपली. फौजेतून सुटणारा माणूस काही म्हातारा नसतो. शेजारी मात्र विचारू लागले, "आता काय, आराम?" आराम कसला! मुलगी पहिलीत, आणि बाप घरी बसून दारातल्या चपला रांगेत लावतोय. आई म्हणायची, "अहो, चपला आहेत त्या, पलटण नाही!"

अशात कळलं, की फौजेतून सुटलेल्यांसाठी सरकारी खर्चानं एक प्रशिक्षण आहे. शिकवणार एक खाजगी संस्था. शिकून बाहेर पडलं की सुरक्षा अधिकारी. खांद्यावर पट्टी, हाताखाली माणसं. त्या दिवशी बाबा शीळ घालत घरी आले.

शिकले ते मन लावून. कॅमेऱ्यांवर नजर ठेवणं, आग विझवणं, अहवाल लिहिणं, सगळं जमलं. अवघड गेलं ते गोड बोलणं. मी कपड्यांवरून फिरत असे आणि बाबा घोकत असत. समोर मुलगी पाहुणी होऊन उभी.

"थांबा! कोण आहे?"

"असं नाही हो, बाबा! हसून म्हणायचं."

"नमस्कार. मी आपली काय मदत करू?"

"मला चॉकलेट पाहिजे."

"आधी पास दाखवा," बाबा म्हणत, आणि मुलगी हसून हसून लोळत असे.

परीक्षेत बाबा पहिले आले. थोड्याच दिवसांत संस्थेचा फोन आला. काचेच्या एका मोठ्या इमारतीत जागा आहे, उद्या सकाळी हजर व्हा. संध्याकाळी निळा गणवेशही आला. मऊ, चकचकीत.

पहाटे बाबांनी टेबलावर चादर अंथरली, शर्टावर पाणी शिंपडलं आणि नेहमीसारखा जोर देऊन मला टेकवलं. शर्ट मेणासारखा विरघळून माझ्या तळाला चिकटला. ओढून काढला, तर छातीवर माझ्याच आकाराचं भोक. जन्मभर सुती कपडे कडक केलेला फौजीच अशी चूक करू जाणे!

"हे सुती नव्हतं," बाबा एवढंच म्हणाले.

आईनं ठिगळ लावलं. बाबा तोच शर्ट घालून गेले. तिथल्या साहेबांनी प्रमाणपत्र उघडलंसुद्धा नाही, ठिगळाकडे पाहिलं आणि त्यांना मागच्या फाटकावर पाठवलं. मालाची गाडी आली की साखळी काढायची, गेली की लावायची. आजही ते तिथेच आहेत. भेटेल त्याला सांगतात, "जागा होती हो. मीच जाळली." आणि मी? वायर गुंडाळून कपाटावर पडले आहे. नवा शर्ट आता गादीखाली दाबून ठेवतात.

परवा दुपारी बाबांबरोबर शिकलेला लांब्या घरी आला. अंगात तसाच निळा गणवेश, शर्ट अगदी धड.

"तुम्ही कुठे अधिकारी आहात, भाऊजी?" आईनं चहा ठेवत विचारलं.

"अधिकारी? दवाखान्याच्या दारात गाड्यांना हात दाखवतो, वहिनी. शेजारी उभा असतो तो कुठे काही शिकलेला नाही. पगार तोच."

"म्हणजे?"

"आमच्यातला एकही अधिकारी झाला नाही. माणूस कुठल्याही दारात उभा केला, की सरकारकडून संस्थेचे पैसे सुटतात. अधिकाऱ्यांच्या जागा कधी नव्हत्याच."

आईनं विचारलं, "यांना सांगितलंत?"

"त्यासाठीच आलो होतो," लांब्या खाली बघत म्हणाला. "पण... तुम्हीच सांगा, वहिनी."

आईनं अजून सांगितलेलं नाही. चूक आपली होती असं मानणारा माणूस निदान सकाळी ताठ उठतो, पुढच्या वेळी नीट करीन म्हणतो. फसवला गेलेला माणूस कशाच्या जोरावर उठणार?

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. कोणाला कोपऱ्यात टाकण्याआधी, मग ती वस्तू असो की माणूस, चूक खरंच त्याची होती का, एवढं बघत जा. मला तर कुणी काही विचारत नाही. विचारलं तरी मला बोलता येत नाही.

काल संध्याकाळी बाबा आतल्या खोलीत बूट काढत होते. बाहेर आई शर्टाचं बटण लावत होती. मुलगी तिच्या गुडघ्याला टेकून बसली होती. बाबांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात तिनं विचारलं,

"आई, शर्ट जळला नसता, तर बाबा साहेब झाले असते ना?"